दाजी सांगतील ते

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आमच्या वर्कशॉपला गाडी घेऊन यायचा तेव्हा एकही प्रश्न विचारायचा नाही. किल्ली माझ्या टेबलावर ठेवायची, खुर्ची ओढायची आणि म्हणायचं, "दाजी, तुमी सांगाल ते." बाकीची गिऱ्हाइकं एवढी सरळ नसत. कुणी चुलतभावाला फोन लावी, कुणी मोबाइलवर पार्टची किंमत शोधत बसे. कंपनीत क्वालिटीला असलेला कुणी आला, की "का? बरं, ते का? आणि मग ते का?" असं पाच वेळा विचारून मला घाम फोडी. चाकणच्या पट्ट्यात हे पाच वेळा 'का' विचारायचं वेड कंपनीतून घरी पोचलंय. पोराला मार्क कमी पडले तरी बाप तसंच विचारतो. मेहुण्याने मात्र मला एकदाही 'का' विचारलं नाही.

मी मुळात कमी बोलणारा. बायको म्हणते, यांच्या तोंडातून शब्द काढायचा तर पकड लागते. टेबलावर मात्र मी भरपूर बोलायचो. पगारच त्याचा होता. वर्कशॉप मोशीच्या पुढे, नाशिक रोडला लागून आहे. नाव सांगत नाही. तिथे आजही लोक काम करतात आणि त्यातले बरेच माझ्यापेक्षा बरे आहेत.

माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'सर्व्हिस ॲडव्हायझर' असं लिहिलेलं असायचं. गिऱ्हाईक आणि मिस्त्री यांच्या मधला माणूस. वडील आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर होते, सगळी नोकरी निळ्या कपड्यांत गेली. मी सकाळी पांढरा शर्ट घालून निघालो की ते दारापर्यंत यायचे आणि कॉलरवर नसलेली धूळ झटकायचे. "लोकांना नीट सांगत जा बाबा," म्हणायचे. माझं काम लोकांना समजावून सांगायचं आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

आता समजावून कसं सांगायचो ते सांगतो. गाडी ऑइल बदलायला येते. मिस्त्री ती लिफ्टवर घेतो, खालून बघतो आणि येऊन मला म्हणतो, "ब्रेकचे पॅड वर्षभर जात्यात अजून." मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर त्या वर्षाचे दोन-तीन महिने झालेले असायचे. महिनाअखेर असली की दोन-तीन महिन्यांचं 'आजच' व्हायचं. रोज सकाळी साहेब आम्हाला उभं करून, कुणी काल जास्तीची कामं किती काढली ते बोर्डावर लिहायचे आणि ज्याचं नाव तळाला असेल ते मोठ्याने वाचायचे. जास्तीची कामं म्हणजे इंजिन आतून धुणं, एसी साफ करणं, उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणून फवारा मारणं. फवारा विकायला सगळ्यात सोपा, कारण उंदीर सगळ्यांच्याच पार्किंगमध्ये असतात.

धडधडीत खोटं आम्ही क्वचितच बोलायचो. पॅड कधीतरी झिजणारच होते, धक्के झेलणारे शॉकअप कधीतरी गळणारच होते. पुढचं होणारं आम्ही आज झालंय म्हणून सांगायचो, एवढंच. म्हणून झोप लागायची. खरं सांगायचं तर बरीच वर्षं छान लागायची.

टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या फडक्यात गुंडाळलेला एक ब्रेक पॅड असायचा. झिजून लोखंडाला टेकलेला, एक कोपरा उडालेला. कुठल्या गाडीचा होता ते कुणालाच आठवत नव्हतं. माझ्या आधी त्या टेबलावर जो बसायचा त्याने जाताना तो मला दिला, खुर्ची आणि पंख्याचं बटण दाखवून दिलं तसाच. गिऱ्हाईक का-कू करायला लागलं की मी आत जायचो, जरा वेळ थांबायचो आणि तो पॅड हातात घेऊन बाहेर यायचो. वरून चाकाची काळी धूळ चोळली की तो आत्ताच काढल्यासारखा दिसायचा. "हे बघा साहेब, तुमच्या गाडीचा." माणूस बघायचा, ओठ चावायचा आणि हो म्हणायचा.

मेहुणा परभणीकडचा. आयटीआय करून इकडे आला, दोन-तीन कंपन्यांत कंत्राटी म्हणून राबला, मग कर्ज काढून सात-आठ जण बसतील अशी गाडी घेतली आणि चाकणच्या एका कंपनीला लावली. गाड्यांच्या वायरिंगचे जोड बसवायची कंपनी. त्या कामाला बहुतेक बायकाच. चऱ्होली-मोशीकडून त्यांना उचलायचं, शिफ्टला सोडायचं, शिफ्ट सुटली की घरी आणायचं. स्वतःची गाडी झाली त्या दिवशी त्याने पहिली चक्कर आम्हाला मारली. पुढे माझी बायको, मागे आम्ही सगळे. बायकोने दहादा तरी सांगितलं असेल, "आता गाडीचं काही असलं तरी बाहेर कुठं जाऊ नको. घरचा माणूस आहे."

घरचा माणूस. आमच्या भागात ज्याच्या त्याच्या ओळखीचा एक घरचा माणूस वर्कशॉपमध्ये असतोच. लोकांना वाटतं, ओळख आहे म्हणजे आपण वाचलो. टेबलाच्या अलीकडून वेगळं दिसतं. ओळखीचं गिऱ्हाईक सगळ्यात सोपं. ते अंदाजपत्रक मागत नाही, जुना पार्ट मागत नाही, दुसरीकडे विचारत नाही. विचारणं म्हणजे तुमच्यावर अविश्वास, असं त्याला वाटतं आणि त्याचा त्यालाच संकोच होतो.

त्या महिन्यात बोर्डावर माझं नाव तळाला होतं. मेहुणा नेहमीच्या सर्व्हिसिंगला आला आणि मी खणातून पॅड काढून त्याला दाखवला.

त्याला दाखवायची काही गरज नव्हती. मी नुसतं म्हटलं असतं तरी त्याने "करा" म्हटलं असतं. मग का दाखवला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला वाटतं, त्याच्या नुसत्या विश्वासावर काम काढणं मला लाजिरवाणं वाटत होतं. काहीतरी दाखवलं की तो व्यवहार झाला, असं मी मनाला पटवलं. म्हणजे लाज वाटली, आणि त्या लाजेवर उपाय म्हणून मी आणखी मोठं खोटं केलं.

त्याने पॅड हातात घेतला, अंगठा फिरवला. "दाजी, हे तर निव्वळ लोखंड हाय."

"हो ना. बरं झालं आज आलास."

"माझ्या गाडीत रोज लोकांच्या लेकी-सुना बसत्यात, दाजी." तो पॅडकडे बघतच बोलत होता. "तुमी होता म्हणून कळलं."

पुढच्या वेळी गावाहून आला तेव्हा त्याने आमच्यासाठी तुरीची डाळ आणली, घरच्या शेतातली. बायको हरखली. त्या डाळीचं वरण आमच्याकडे कितीतरी दिवस शिजत होतं आणि मी ते खात होतो.

एकदा लाज गेल्यावर पुढचं सोपं होतं. त्या वर्षभरात मी त्याला पुढचे दोन्ही शॉकअप बदलायला लावले. ते गळत नव्हते. मिस्त्र्याने त्यांच्यावरून तेलाचं फडकं फिरवलं आणि मी फोटो काढला. इंजिनची धुलाई झाली. उंदरांचा फवारा तर दोनदा झाला. बॅटरी सांगितली ती मात्र खरंच गेली होती. ती खरी होती याचा मला तेव्हा केवढा आधार वाटायचा!

आम्ही रविवारी सकाळी विहारात जातो. सगळे मिळून पंचशील म्हणतात. खोटं न बोलण्याचं शील चौथं. माझा आवाज तसा बारीकच, पण त्या चौथ्या शीलाला मी नुसते ओठ हलवायला लागलो होतो. शेजारी मेहुणा खणखणीत आवाजात म्हणायचा. एकदा बाहेर चपला घालताना त्याने विचारलं, "दाजी, घसा बसला का?" मी हो म्हटलं.

मग तो यायचा बंद झाला. सांगून-सवरून नाही. सर्व्हिसिंगचे दिवस आले आणि गेले. मी फोन केला तर म्हणाला, "चऱ्होलीला एक गॅरेज हाय, पिकअपच्या वाटंवरच पडतं. तुमच्याकडं यायला वेळ लागतो." बायकोला हे पटलं. मला पटलं नाही, पण मी पटल्यासारखं केलं.

आणि मग थट्टा सुरू झाली. भाचीचा वाढदिवस होता, सगळे केकभोवती जमलेले. मेहुणा म्हणाला, "थांबा थांबा, दाजींना एकदा खालून बघू द्या. नंतर म्हणतील, बेस बदलावा लागतोय." सगळे हसले. मीही हसलो. बुद्धपौर्णिमेला खिरीची वाटी माझ्या हातात देताना, "दाजी, गाळून दिलीया. फिल्टर नवा टाकलाय." पुन्हा हशा. बायको म्हणाली, "बघा, कसा चेष्टा करतो तुमची! लहानपणापासून असाच आहे." तो माझ्याकडे बघायचा नाही. दुसऱ्या कुणाकडे तरी बघून बोलायचा.

त्याला कळलंय, एवढं मला कळलं होतं. किती कळलंय ते कळत नव्हतं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. दोन वर्षं आम्ही एकमेकांच्या घरी जेवत राहिलो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, दुपार व्हायच्या आत, तो अचानक माझ्या टेबलासमोर उभा राहिला. खुर्ची ओढली नाही.

"कंपनीनं नवीन काढलंय," म्हणाला. "बायकांच्या सगळ्या गाड्या मोठ्या वर्कशॉपातनं तपासून आणायच्या. शिक्का लागतो. चऱ्होलीवाल्याचा चालत नाही. मोठं जवळ तुमचंच हाय." मग किल्ली टेबलावर ठेवली, पण हात किल्लीवरच. "शिक्का पाहिजे फक्त. बाकीचं काही बघू नका. दुपारच्या शिफ्टला बायका उचलायच्या हायत."

मी गाडी आत घ्यायला सांगितली. मिस्त्री खेडकडचा, जुना, ज्याने शॉकअपवरून फडकं फिरवलं होतं तोच. थोड्या वेळाने तो स्वतः बाहेर आला. एरवी तो आतूनच हाक मारायचा.

"या जरा," म्हणाला. "डावीकडचा खालचा बॉल जॉइंट गेलाय."

पुढच्या चाकाला खालून धरून ठेवणारा एक गोल सांधा असतो, त्याला बॉल जॉइंट म्हणतात. त्यावरचं रबरी टोपण फाटलं की आत पाणी, माती जाते आणि सांधा आतून झिजत जातो. पार झिजला की एखाद्या खड्ड्यात निसटतो. मग चाक बाहेर फाकतं आणि गाडी त्या अंगावर बसते. मी लिफ्टखाली गेलो. मिस्त्र्याने पहार घालून जरा रेटलं आणि चाक कटकन हललं.

"रस्त्यावर काढू नका म्हणावं," मिस्त्री म्हणाला. "एखाद दिवस जाईल, न्हाई तर चाकण चौकात बी न्हाई पोचायचा."

चाकाचं ते कटकन हलणं मी मोबाइलवर घेतलं आणि बाहेर जाऊन मेहुण्याला दाखवलं. गाडी अशी नेऊ नकोस, असं म्हणालो. त्याने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"कुणाच्या गाडीचा हाय?"

"तुझ्याच."

"अस्सं." तो हसला. "माझं तोंड काय बघता, दाजी? चेष्टा करायला आज केक नाही समोर. गाडी खाली घ्या."

मी त्याचा हात धरून त्याला आत नेलं. त्याने तो झटकला नाही, पण चालला असा, की कुणी लहान पोराला नेतंय. मिस्त्र्याने पुन्हा पहार लावली. चाक हललं. मेहुण्याने वाकून बघितलं, फाटलेल्या रबराला बोट लावलं, बोटावरचं चिखल झालेलं ग्रीस चोळून बघितलं.

"हाव, हलतंय," म्हणाला. "तुमीच ढिला केला असंल."

मिस्त्री चिडला. "भाऊ, आमी कशाला ढिला करू? काय दुश्मनी हाय का तुमच्याशी?"

"दुश्मनी नाही. तुमचा धंदा हाय." मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "गाडी एकदा तुमच्या हातात आली, दाजी, की तिच्यात जे दिसंल ते तुमीच केलेलं बी असू शकतं. मग बघून काय उपयोग?"

 डोळ्यांसमोर चाक हलत होतं आणि त्याला ते दिसत होतं. पण जे दिसतंय ते खरं मानायला आमच्यावर जेवढा विश्वास लागतो तेवढा त्याच्याकडे उरला नव्हता. तो मीच संपवला होता.

"घ्या खाली," तो मिस्त्र्याला म्हणाला. "शिक्का नसला तर नसला. उद्या दुसरीकडं मारून घेतो. बायका थांबल्यात."

मिस्त्र्याने माझ्याकडे पाहिलं. लिफ्टचं बटण त्याच्या हातात होतं. किल्ली नाकारण्याचा मला काही अधिकार नव्हता, गाडी त्याची. मला त्या बायका दिसायला लागल्या. मी त्यांना रस्त्यात कितीदा पाहिलं होतं. मोशीच्या थांब्यावर उभ्या असायच्या, निळा ॲप्रन पिशवीत, डबा हातात, एकमेकींचे केस सारखे करत. आणि मग नाशिक रोडचे ते कंटेनर, शेजारून भिंत सरकावी तसे जाणारे.

मी टेबलाकडे गेलो. खालच्या खणातून फडक्याची गुंडाळी काढली आणि परत येऊन त्याच्या हातात दिली.

"उघड."

त्याने उघडली.

"हा तुझ्या गाडीचा नव्हता," मी म्हणालो. "कुणाच्याच गाडीचा नाही. मी सगळ्यांना हाच दाखवतो. तुझे पॅड तेव्हा चांगले होते. शॉकअप गळत नव्हते, त्यांना तेल आम्ही लावलं. इंजिन धुवायची गरज नव्हती. बॅटरी खरी होती. तेवढी एकच खरी होती."

हे मी हळू बोललो नाही. हळू बोलता आलं असतं. पलीकडच्या लिफ्टखालची पोरं हात थांबवून बघत होती. बसायच्या जागेतून चहाचा कप घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक काचेच्या दारात उभं होतं, त्याने कप तोंडाला लावलाच नाही. साहेबांची केबिन उघडी होती. मिस्त्री लिफ्टच्या खांबाला टेकला आणि जमिनीकडे बघत राहिला. त्याचं नाव न घेता मी त्यालाही गोवलं होतं.

मेहुण्याने पॅड उलटासुलटा केला. उडालेल्या कोपऱ्यावर त्याचं बोट थांबलं.

"मला माहीत हाय," म्हणाला. "दोन वर्षं झाली."

"कसं?"

"कंपनीच्या गेटवर आमी ड्रायव्हर लोक बसतो, शिफ्ट सुटंपर्यंत. एक जण सांगत होता, माझा पॅड असा गेलता, असा गेलता, हा कोपरा पार तुटून पडलेला. मी म्हणलं, अरे, माझा बी अगदी असाच तुटलेला. मग तिसरा म्हणाला, कुठं दाखवलात रे? तिघं एकाच टेबलावरचे निघालो. लई हसले ते. मला म्हणले, तुझे तर दाजी हायत ना तिथं?"

"मग बोलला का नाहीस मला?"

"ताईसाठी." त्याने पॅड फडक्यात गुंडाळला. "तिला कळलं असतं तर तिनं काय केलं असतं? माझ्यासमोर मान वर केली नसती तिनं परत. कामून करायचं तसं?"

 मग त्यानेच विचारलं आणि त्या प्रश्नाची मला भीती होती.

"बरं, तेव्हाचं खोटं हाय हे तुमी आज सांगितलं. आजचं खरं हाय, हे कशावरनं?"

"कशावरूनच नाही," मी म्हणालो. "म्हणून तू हे काम इथं करूच नको. पार्ट आमचा नको, मजुरी आमची नको. उचलून नेणारी गाडी बोलाव, तुझ्या चऱ्होलीवाल्याकडे टाक, त्यालाच खोलू दे. फक्त चालवत नेऊ नको. बायकांना मी माझ्या गाडीतून सोडतो."

तो चाकाकडे बघत राहिला. खोटं बोलणाऱ्याला यातून काय मिळेल, याचा तो हिशोब लावत असावा. मीही त्याच्या जागी तेच केलं असतं. शेवटी त्याने फोन काढला आणि दुसऱ्या एका ड्रायव्हरला म्हणाला, "भावा, चऱ्होलीच्या तेवढ्या तू घे आज. मोशीच्या मी बघतो." मग गाडी उचलून नेणाऱ्याला फोन लावला.

साहेबांनी मला हाक मारली नाही. मी बाहेर पडताना ते फोनवर बोलत असल्यासारखे उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला टेबलावरून काढून मागे सुट्या भागांच्या कोठीत बसवलं. गिऱ्हाइकांशी बोलायचं नाही. काढून का टाकलं नाही, ते मी विचारलं नाही. खणात आता काय आहे, तेही नाही. मिस्त्री अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

मोशीच्या थांब्यावर चार बायका होत्या. मेहुणा माझ्या शेजारी बसला, त्या चौघी मागे दाटीवाटीने.

"अगं बाई, आज छोटी गाडी?" एक म्हणाली. "दादा, आमचं वजन कमी झालं वाटतं!"

"तुझं? सरक तिकडं, माझा पाय गेला."

"गाडीचं काम निघालं," मेहुणा म्हणाला.

"काय झालं?"

"चाकाचा जॉइंट गेला म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"वर्कशॉपवाले."

"गेलं मग!" दारापाशी बसलेली, वयाने मोठी बाई म्हणाली. "ते काय, काहीही सांगतात. आमच्या मालकांच्या रिक्षाचं असंच केलं. चांगलं होतं ते काढून ठेवलं. मेल्यांना लाजच नसती. दादा, तुम्ही दुसरीकडं दाखवलं का?"

मेहुण्याने खिडकीची काच खाली केली. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत होतो. पुढे कंटेनरची रांग होती, मग पुलाचं काम, मग धूळ. मागे त्या बाईने रिक्षाची सगळी गोष्ट सांगितली, आणि मग दुसरीने तिच्या दिराच्या मोटारसायकलची. प्रत्येकीकडे एक होती. मेहुणा माझ्या शेजारी बसून ऐकत होता आणि मी, पांढरा शर्ट घालून, चालवत होतो. कंपनीच्या गेटवर उतरताना ती मोठी बाई खिडकीशी वाकून मला म्हणाली, "तुमचे आभार हं, भाऊ. वेळेत पोचवलंत." मेहुणा तेव्हा दुसरीकडे बघत होता.

परत येताना आळंदी फाट्याला त्याने गाडी थांबवायला सांगितलं.

संध्याकाळी मी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सुरुवातीला तिला वाटलं, कुणा दुसऱ्याचं सांगतोय. मग म्हणाली, "माझ्या भावाला?" मी हो म्हटलं. "डाळ आणली होती त्याने," एवढंच ती म्हणाली आणि निवडलेली भाजी तशीच सोडून उठली. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. मी जागा आहे हे तिला माहीत होतं.

सकाळी मेहुण्याचा फोन माझ्या मोबाइलवर आला.

"खोललं का?" मी विचारलं.

"ताईला द्या."

मी फोन तिच्या हातात दिला. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बराच वेळ तोच बोलत होता, काय ते मला ऐकू येत नव्हतं. मग ती म्हणाली, "हो. सांगितलं त्यांनी. काल संध्याकाळी." आणि जरा थांबून, "सगळं. त्या पॅडचंसुद्धा." तिचा आवाज फुटला. "तू का नाही रे सांगितलंस मला?" तिकडून काहीतरी उत्तर आलं. तिने डोळे पुसले आणि फोन माझ्यासमोर धरला. माझ्याकडे न बघता.

मी कानाला लावला. तिकडे गॅरेजचा आवाज होता, कुणीतरी हातोडी मारत होतं.

"दाजी," तो म्हणाला, "जॉइंट गेलेला होता. नुसतं ओढलं तर हातात आला."

मी म्हणालो, "बरं झालं."

त्याने फोन ठेवला. गाडी तो आजही चऱ्होलीलाच नेतो.